मनोऱ्यासमोरची समुद्रगाय

बालमित्रांनो, लांबलचक जोडशब्दांच्या बाबतीत जर्मन भाषेचा हात कोणी धरणार नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. आज एक नवा शब्द घेऊ. एका दमात म्हणून पाहा: गाबेलश्वान्झझेकू. आता फोड करू. गाबेल म्हणजे जेवायचा काटा, श्वान्झ म्हणजे शेपूट, झे म्हणजे समुद्र आणि कू म्हणजे गाय. काट्यासारखी दुभंगलेली शेपटी असलेली समुद्रातली गाय! शास्त्राच्या पुस्तकांत तिला डुगाँग म्हणतात, मराठीत समुद्रगाय. दक्षिण भारतात तमिळ बोलणारे मच्छीमार तिला 'कडल पसु' म्हणतात. कडल म्हणजे समुद्र आणि पसु म्हणजे गाय. (आपण मराठीत पशू म्हटले की कोणतेही जनावर आले; तमिळमध्ये मात्र पसु म्हणजे गायच, बरं का.) तीन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच नाव ठेवले, कारण हा प्राणी खरोखरच गायीसारखा चरतो.

या अंकासाठी आम्ही हा विषय निवडला त्याला आणखी एक कारण आहे. या गायीची गोष्ट सांगू लागले की त्यात जर्मनी येते, तंजावरचे मराठे राजे येतात आणि समुद्रावर जाणारे मच्छीमारही येतात. धडा जरा मोठा आहे. लहान गटाच्या मुलांनी आईबाबांबरोबर दोन बैठकांत वाचावा.

गाय, पण हत्तीची नातेवाईक

समुद्रगाय मासा नाही. ती आपल्यासारखी सस्तन आहे. पिल्लाला जन्म देते, त्याला दूध पाजते आणि हवेत श्वास घेते. पूर्ण वाढलेली समुद्रगाय सुमारे तीन मीटर लांब आणि चारशे किलो वजनाची असू शकते. तिचे आजचे जवळचे नातेवाईक कोण असतील? देवमासा? सील? नाही, चक्क हत्ती! मोठ्या नराच्या तोंडात दोन छोटे सुळे असतात आणि मादीचे स्तन हत्तिणीसारखेच पुढच्या पायांजवळ असतात. अर्थात समुद्रगायीला आता पाय नाहीत, त्यांच्या जागी वल्ह्यासारखे पर आहेत. झाडाच्या खोडातली वर्तुळे मोजून जसे झाडाचे वय सांगतात, तसे तिच्या सुळ्यातले थर मोजून तिचे वय सांगता येते. सत्तर वर्षे जगलेल्या समुद्रगायी आढळल्या आहेत. म्हणजे एखाद्या आजीच्या वयाच्या!

तिचे जेवण एकच, समुद्रगवत. दिवसाला तीस-चाळीस किलो. उथळ पाण्यात तळाशी जायचे, जाड ओठाने गवत मुळासकट उपटायचे, हलवून वाळू झाडायची आणि खायचे. ती चरून गेली की तळावर लांब पट्टे दिसतात, जणू कोणी नांगर फिरवला आहे. दर काही मिनिटांनी श्वास घ्यायला तिला वर यावेच लागते. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता समुद्रगवताबद्दल. पुष्कळ जण त्याला शेवाळ समजतात. शेवाळाला खरी मुळे नसतात, फुले येत नाहीत. समुद्रगवताला मुळे असतात, पाने असतात, पाण्याखाली फुले येतात आणि बीसुद्धा धरते. शेतातल्या गवताप्रमाणे त्याला सूर्यप्रकाश लागतो, म्हणून ते उथळ आणि स्वच्छ पाण्यातच वाढते. त्याची मुळे तळाची वाळू धरून ठेवतात. त्याच्या पानांत माशांची आणि कोळंबीची पिल्ले लपतात. त्यामुळे कुरण गेले तर गाय उपाशी मरते, आणि काही वर्षांनी मच्छीमाराच्या टोपलीतही कमी मासळी येते.

हालेचे दोन विद्यार्थी

बव्हेरियात न्युर्नबर्गच्या पश्चिमेला बाड विंड्सहाइम नावाचे गाव आहे. तेथे १७०९ साली गेऑर्ग विल्हेल्म स्टेलर जन्मला. तो विटेनबर्गला आणि मग हालेला शिकला, वनस्पतिशास्त्राच्या मागे लागला आणि रशियाला गेला. व्हिटुस बेरिंग या दर्यावर्दीच्या मोहिमेत तो निसर्गतज्ज्ञ म्हणून सामील झाला. १७४१ च्या नोव्हेंबरात त्यांचे जहाज रशियाच्या अगदी पूर्वेकडील एका निर्जन बेटाला लागले आणि पुढे फुटले. बेरिंग त्याच बेटावर डिसेंबरात वारला. आज त्या बेटाला बेरिंगचेच नाव आहे. उरलेल्या माणसांनी तेथे हिवाळा काढला.

त्या बेटाभोवतीच्या थंड पाण्यात स्टेलरला एक अजस्र प्राणी दिसला. आठ मीटरपर्यंत लांब, कित्येक टन वजनाचा, तोंडात दात नाहीत, किनाऱ्यालगत शांतपणे समुद्री शेवाळ खात बसणारा. डुगाँगची ही थोरली बहीणच म्हणा. स्टेलरने तिचे माप घेतले, तिची चीरफाड करून अवयवांची नोंद केली, तिच्या सवयी लिहून ठेवल्या. एकीला गळ लागला की बाकीच्या तिच्या मदतीला येत. एका मारलेल्या मादीचा जोडीदार दुसऱ्या दिवशीही किनाऱ्याशी परत आला होता, असे त्याने लिहून ठेवले आहे. तरीही भुकेलेल्या खलाशांनी तिला मारून खाल्ले, आणि त्या मांसावरच त्यांचे प्राण वाचले. १७४२ च्या उन्हाळ्यात जुन्या जहाजाच्या लाकडांची नवी होडी बांधून ते परत गेले. स्टेलर मात्र घरी पोचला नाही. १७४६ साली सैबेरियात, परतीच्या वाटेवर तो वारला.

त्यानंतर फर मिळवणाऱ्या शिकाऱ्यांची जहाजे त्या बेटाकडे जाऊ लागली. प्रवासात खायला मांस हवे, आणि ही गाय तर पळूनही जात नव्हती. जखमी होऊन समुद्रात निघून गेलेल्या किती फुकट मेल्या त्याची गणतीच नाही. १७६८ नंतर ती कोणालाच दिसली नाही. शोध लागला १७४१ ला, संपली १७६८ ला. वजाबाकी तुम्हीच करा. जर्मन भाषेत तिला अजून स्टेलरची झेकू म्हणतात आणि तिचा सांगाडा फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या संग्रहालयात पाहायला मिळतो.

ते बेट निर्जन होते हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. "ही आमच्या गावच्या समुद्रातली गाय आहे, उद्या आमच्या मुलांनाही दिसली पाहिजे," असे म्हणणारे कोणीच तेथे राहत नव्हते. जे येत ते मांस घेत आणि पुढे जात.

आता हालेचा दुसरा विद्यार्थी. त्याचे नाव क्रिस्टियान फ्रिडरिश श्वार्ट्झ. तो १७२६ साली प्रशियात जन्मला. स्टेलरच्या मागून काही वर्षांनी हालेला शिकला आणि १७५० साली धर्मोपदेशक म्हणून दक्षिण भारतात आला. पुढे तो तंजावरला राहू लागला. तंजावरला तेव्हा राज्य कोणाचे होते, सांगा पाहू? मराठ्यांचे! शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी १६७६ च्या सुमारास तेथे राज्य स्थापन केले होते. त्याच घराण्यातील तुळजाराजांनी आपल्या दत्तक मुलाला, म्हणजे सरफोजीला, श्वार्ट्झच्या देखरेखीखाली दिले. एका मराठी राजपुत्राला जर्मन गुरू मिळाला तो असा. सरफोजी राजे १७९८ मध्ये गादीवर आले आणि १८३२ पर्यंत होते. सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांनी देशोदेशींची पुस्तके जमवली, आणि तंजावरच्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. (तंजावरची काही कुटुंबे आजही घरात मराठी बोलतात. घर सोडून तीनशेहून अधिक वर्षे झाली तरी! आपल्या वर्गाला कंटाळणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.)

या सरफोजी राजांनी तंजावरपासून साठ-पासष्ट किलोमीटरवर, समुद्राच्या काठी मल्लिपट्टिनमजवळ, १८१४-१५ च्या सुमारास एक आठ मजली षट्कोनी इमारत बांधली. नेपोलियनवर इंग्रजांनी मिळवलेल्या विजयाची ती आठवण. विजय इंग्रजांचा आणि खर्च आपल्या राजाचा, याचे आम्हाला आजही हसू येते आणि थोडे वाईटही वाटते. पण तेव्हा राज्याची सूत्रे इंग्रजांच्याच हाती होती. तमिळ लोक त्या इमारतीला 'मनोरा' म्हणतात. हा शब्द आपलाच, तुम्हाला येणारा. त्या मनोऱ्यासमोरच्या उथळ समुद्रात समुद्रगवताची कुरणे आहेत, आणि त्या कुरणांत आजही समुद्रगायी चरतात.

जाळ्यातली ती काही मिनिटे

भारत आणि श्रीलंका यांच्यामधल्या या समुद्राला पाल्कचा उपसागर म्हणतात. भारतात समुद्रगायी तीनच भागांत आहेत: गुजरातेत कच्छच्या आखातात, तमिळनाडूत पाल्कच्या उपसागरात आणि त्याच्या दक्षिणेला मन्नारच्या आखातात, आणि अंदमान-निकोबार बेटांच्या आसपास. अंदमान-निकोबारचा तर तो राज्यप्राणी आहे. कोकणच्या किनाऱ्यावर त्यांचे कळप नाहीत. सगळ्या भारतात मिळून अडीचशेच्या आतच उरल्या असाव्यात असा अंदाज आहे.

थोडे गणित करू. समुद्रगायीला एका वेळी एकच पिल्लू होते. ते पोटात तेरा-चौदा महिने असते आणि जन्मल्यावर वर्ष-दीड वर्ष आईचे दूध पिते. दोन पिल्लांमध्ये तीन ते सात वर्षांचे अंतर असते. त्यामुळे सगळे काही छान चालले, भरपूर गवत असले आणि कोणी त्रास दिला नाही, तरी कळप वर्षाला फार तर शेकडा पाचने वाढतो. समजा कळपात दोनशे गायी आहेत. वर्षात दहा वाढतील. आता त्या वर्षी दहा गायी जाळ्यांत अडकून मेल्या तर वाढ झाली शून्य. पंधरा मेल्या तर? वीस वर्षांचा तक्ता मोठ्या गटाने करून आणावा. कळपाच्या संख्येवर दर वर्षी पाच टक्के वाढ धरा आणि पंधरा वजा करा.

जाळ्यात अडकते म्हणजे नेमके काय होते? मच्छीमार पाण्यात पडद्यासारखे उभे जाळे सोडतात. त्यात मासा शिरतो आणि कल्ल्यांपाशी अडकतो. गवत खात फिरणारी समुद्रगाय त्या जाळ्यात गुरफटली की तिला वर येता येत नाही. वर आठवण करून दिली होती ना? श्वास! काही मिनिटांतच ती बुडून मरते. बुडून मरणारा समुद्री प्राणी, विचित्र वाटते, पण तसेच आहे. दुसरे संकट ट्रॉलरचे. ही यांत्रिक बोट जड जाळे तळावरून ओढत नेते आणि कुरणच खरवडून काढते. किनाऱ्यालगत ट्रॉलरला मनाई आहे, पण मनाई मोडणारेही आहेत, आणि त्यांचा राग छोट्या होडीवाल्यांनाच सर्वांत जास्त येतो. तिसरे संकट शिकारीचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने समुद्रगायीला सर्वांत वरच्या यादीत घातले, म्हणजे तिला मारणे गुन्हा ठरले. त्याआधी तिचे मांस उघडपणे विकले आणि खाल्ले जाई.

आता डोळ्यांसमोर आणा. पहाटेची वेळ. होडीत दोन माणसे. जाळ्याला जबरदस्त हिसका बसतो. पाहतात तर समुद्रगाय. जाळे कापले तर गाय वाचेल, पण जाळे उधारीवर घेतलेले आहे आणि आजची मासळीही जाईल. नाही कापले तर थोड्याच वेळात सगळे शांत होईल आणि कोणाला काही कळणार नाही. तेथे वनाधिकारी नाही, पोलीस नाही. दिल्लीत कितीही कडक कायदा झाला तरी त्या क्षणी निर्णय त्या दोघांचाच. म्हणून ज्यांना समुद्रगाय वाचवायची आहे त्यांनी आधी या दोघांशी बोलले पाहिजे, त्यांचे नुकसान समजून घेतले पाहिजे. आमच्या मते सगळ्या विषयाची किल्ली येथे आहे.

चीनमध्ये काय झाले पाहा. तेथे शास्त्रज्ञांनी किनाऱ्यावरच्या ६६ गावांतील ७८८ मच्छीमारांना विचारले, "तुम्ही समुद्रगाय शेवटची केव्हा पाहिली?" गेल्या पाच वर्षांत पाहिल्याचे फक्त तिघांनी सांगितले. २०२२ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. चीनच्या किनाऱ्यावर आता टिकून राहण्याइतक्या समुद्रगायी उरलेल्या नाहीत, असा निष्कर्ष त्यात काढला होता. मच्छीमारांना फार उशिरा विचारले गेले.

पाल्कच्या उपसागरात मात्र विचारणे वेळेवर सुरू झाले. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने २०१६ पासून समुद्रगायींसाठी एक मोठा कार्यक्रम हाती घेतला. तिने गावोगाव मच्छीमारांना सोबत घेतले. गाय कोठे दिसली, किती होत्या, पिल्लू बरोबर होते का, हे ते कळवतात. जाळ्यात सापडलेली गाय जिवंत सोडणाऱ्यांचा सत्कार होतो, त्यांना बक्षीसही मिळते. मच्छीमारांच्या शाळकरी मुलांसाठी तर समुद्रगायीच्या नावाने शिष्यवृत्ती आहे! ही कल्पना आम्हाला फार आवडली. घरात मुलाच्या वह्यापुस्तकांसाठी समुद्रगायीच्या नावाने पैसे येत असतील तर वडिलांना जाळे कापताना ते आठवणारच. ओमकार फाउंडेशन ही तेथली स्थानिक संस्था मच्छीमारांच्या मदतीने उजाड झालेल्या तळावर गवत पुन्हा लावते. बांबूची चौकट करायची, तिला नारळाच्या काथ्याची दोरी बांधायची, दोरीत गवताची रोपे अडकवायची आणि चौकट तळाशी ठेवायची. रोपे रुजेपर्यंत बांबू आणि काथ्या टिकतात, मग कुजून जातात. प्लॅस्टिकचा तुकडाही मागे उरत नाही.

२१ सप्टेंबर २०२२ रोजी तमिळनाडू सरकारने तंजावर आणि पुदुकोट्टै जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगतचा ४४८ चौरस किलोमीटर समुद्र समुद्रगायींसाठी राखीव केला. भारतातले हे असे पहिलेच क्षेत्र. आकार लक्षात यावा म्हणून सांगतो, कोलोन शहरापेक्षा थोडे मोठे. 'राखीव' म्हटले की तारेचे कुंपण आणि 'आत येऊ नये' अशी पाटी आठवते. हे तसे नाही. वन्यजीव कायद्यात २००२ साली दुरुस्ती करून 'संवर्धन राखीव' नावाचा एक वेगळा प्रकार घातला गेला. असे क्षेत्र जाहीर करण्याआधी सरकारने स्थानिक लोकांशी सल्लामसलत करायची असते, आणि कारभार पाहणाऱ्या समितीत त्या क्षेत्रातील प्रत्येक ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असतो. पारंपरिक मासेमारी चालू राहते. समुद्र राखीव झाला, पण मच्छीमार बाहेर फेकले गेले नाहीत.

सगळे आलबेल आहे असे मात्र समजू नका. समितीत नाव असणे निराळे आणि समितीत आपले म्हणणे ऐकले जाणे निराळे, हे तुमच्या आईबाबांनाही ठाऊक असेल. शिवाय या उपसागरातून भारत आणि श्रीलंका यांची सरहद्द जाते. मच्छीमारांना ती ओलांडली म्हणून अटक होते. समुद्रगाय ती रोज ओलांडत असेल. एका बाजूने कितीही जपले तरी दुसऱ्या बाजूलाही जपावे लागणारच.

आपल्या कोकणातले जाळे

महाराष्ट्रात समुद्रगाय नाही, पण जाळ्यातला प्रश्न तोच आहे. तेथे कासवे, डॉल्फिन, व्हेल शार्क हे अडकतात. (व्हेल शार्क म्हणजे देवमाशाएवढा प्रचंड, पण निरुपद्रवी मुशी मासा.) २०१८ च्या डिसेंबरात महाराष्ट्र सरकारने ठरवले की संरक्षित प्राण्याला सोडवण्यासाठी मच्छीमाराने जाळे कापले तर त्याला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यायची. पुरावा म्हणून प्राणी सोडतानाचे फोटो दाखवायचे. म्हणजे एका हाताने सुरी चालवायची आणि दुसऱ्या हाताने मोबाइल धरायचा! तरीही अनेक मच्छीमारांनी ते केले.

त्याआधी रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावाने वाट दाखवली होती. हे नाना फडणवीसांचे गाव. तेथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे रात्री येऊन अंडी घालतात. पूर्वी ती अंडी सर्रास काढून नेली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली गावकऱ्यांबरोबर अंडी राखायला सुरुवात केली, आणि २००६ पासून तेथे कासव महोत्सव होऊ लागला. पाहुणे येतात, गावातल्याच घरांत उतरतात, उकडीचे मोदक खातात आणि पहाटे पिल्ले समुद्राकडे जाताना पाहतात. अंड्यांपेक्षा पिल्लांनी गावाला जास्त मिळवून दिले. सुट्टीत भारतात जाणाऱ्या कुटुंबांनी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास जमत असेल तर जरूर जावे. (शाळेची सुट्टी तेव्हा नसते, हे आम्हालाही माहीत आहे.)

ऑस्टझेमधील लावणी

"पण सर, आपण तर जर्मनीत राहतो," असे कोणीतरी म्हणणारच. जर्मनीच्या समुद्रात समुद्रगायी नाहीत, पाणी त्यांना फार थंड आहे. पण समुद्रगवत आहे! त्याला जर्मनमध्ये झेग्रास म्हणतात. ऑस्टझेच्या, म्हणजे बाल्टिक समुद्राच्या, जर्मन किनाऱ्यालगत सुमारे २८५ चौरस किलोमीटर झेग्रास आहे. म्युनिक शहरापेक्षा थोडेसेच कमी. हेरिंग मासा त्यावर अंडी घालतो. पूर्वीच्या काळी किनाऱ्यावर वाहून आलेले झेग्रास वाळवून गाद्यांत आणि खुर्च्यांत भरत, आपण काथ्या भरतो तसे. ऑस्टझेवर सुट्टीला गेलात की वाळूत काळपट, कोरड्या फितींचे ढीग दिसतात आणि मुले नाक मुरडतात. तेच ते.

१९३० च्या दशकात एका रोगाने अटलांटिकच्या दोन्ही बाजूंचे झेग्रास मोठ्या प्रमाणात मेले. त्यानंतरचे दुखणे माणसाने दिलेले. शेतातले खत आणि गोठ्यांतले शेण-मूत पावसाबरोबर नद्यांतून समुद्रात जाते. मग पाण्यात सूक्ष्म शेवाळ माजते, पाणी गढूळ होते आणि तळाशी प्रकाश पोचत नाही. जमिनीवरच्या गायींनी समुद्रातले कुरण बुडवले म्हणायचे!

कील शहरात गेओमार ही समुद्रसंशोधन संस्था आहे. तिने झेग्रास पुन्हा लावण्याचे काम सुरू केले. दाट कुरणातली काही रोपे हाताने, मुळे न दुखावता काढायची, किनाऱ्यावर मोजून जुड्या करायच्या आणि दुसरीकडे उघड्या तळावर एक एक करून लावायची. ओळखीचे वाटते ना? आपली भाताची लावणीच. (तमाशातली नव्हे.) फरक एवढाच की येथे शेतकऱ्याच्या पाठीवर हवेची टाकी असते. हे काम फक्त शास्त्रज्ञांनी करायचे तर ते कधी संपणारच नाही. म्हणून गेओमारने साध्या नागरिकांना शिकवायला घेतले. ज्यांना पाण्यात बुडी मारता येते त्यांनी खाली जाऊन लावायचे. ज्यांना येत नाही त्यांनी किनाऱ्यावर रोपे मोजायची आणि जुड्या बांधायच्या. २०२३ च्या जुलैत श्लाय खाडीच्या तोंडाशी असलेल्या मासहोल्मजवळ एका शनिवार-रविवारात अशा लोकांनी सुमारे अडीच हजार रोपे लावली. २८५ चौरस किलोमीटरपुढे अडीच हजार रोपे म्हणजे काहीच नाही, हे ते लोकही जाणून होते. पण लावणी कशी करायची हे आता त्यांना येते, आणि आपल्या गावापुढच्या पाण्याखाली काय आहे हेही त्यांनी पाहिले आहे.

नवे शब्द

कुरण म्हणजे गुरे चरायची गवताळ जागा. निर्जन म्हणजे जेथे माणसे राहत नाहीत असे. सल्लामसलत म्हणजे निर्णय घेण्याआधी एकमेकांचे मत विचारणे. भरपाई म्हणजे नुकसानीबद्दल दिलेले पैसे. गुरफटणे म्हणजे दोरीत किंवा कापडात अडकून बसणे. 'आलबेल' या शब्दाचा अर्थ घरी विचारून या. तो जहाजावरच्या पहारेकऱ्यांच्या इंग्रजी आरोळीवरून आला आहे असे म्हणतात. ती आरोळी कोणती असेल?

पुढच्या शनिवारसाठी

लहान गटाने समुद्रगायीचे चित्र काढावे. शेपूट दुभंगलेली हवी. गोल शेपटीची असते ती मॅनॅटी, तिची चुलत बहीण, आणि ती न्युर्नबर्गच्या प्राणिसंग्रहालयात पाहायला मिळते. मधल्या गटाने होडीतल्या दोन माणसांचा संवाद लिहावा. एकाला जाळे कापायचे आहे, दुसऱ्याला नाही, आणि दुसऱ्याचे म्हणणेही पटेल असे लिहायचे. त्याला खलनायक करू नका. दोघे सख्खे भाऊ असतील तर एकमेकांना कसे हाक मारतील याचाही विचार करा. मोठ्या गटाने वर सांगितलेला वीस वर्षांचा तक्ता आणावा आणि 'अरे-तुरे' न करता ग्रामपंचायतीच्या सरपंचांना एक औपचारिक पत्र लिहावे. विषय: समितीच्या बैठकीत मच्छीमारांच्या वतीने कोणते दोन मुद्दे मांडावेत.

पालकांना विनंती अशी की संवाद मुलांनाच लिहू द्यावा, शुद्धलेखन आम्ही पाहू. १ मार्च हा जागतिक समुद्रगवत दिन असतो. त्या सुमारास कोणी ऑस्टझेकडे जाणार असेल तर किनाऱ्यावर पडलेल्या झेग्रासची एक वाळलेली फीत आणि शेवाळाचा एक तुकडा वर्गासाठी आणावा. आपण दोन्ही भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवून पाहू.